सातबारा नसलेला मेंढका

शेतात झोपलेल्या शेतकऱ्याला साप चावला आणि तो गेला, तर महाराष्ट्र सरकार त्याच्या घरच्यांना दोन लाख रुपये देतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असं लांबलचक नाव आहे. वय १० ते ७५. साप, विंचू, वीज, विहीर, रस्त्यावरचा अपघात, सगळं त्यात येतं. आधी हा विमा होता, कंपन्या दावे अडकवून ठेवायच्या, म्हणून २०२३ पासून सरकार थेट पैसे देतं. चांगली योजना आहे, उपरोधानं म्हणत नाही.

आता तेच शेत धरा आणि तीच रात्र. शेतकरी घरी झोपलाय. शेतात दोनशे-तीनशे मेंढरं बसवलीत, कारण लेंडीखत आणि मूत शेताला हवंय. मेंढरांच्या कडेला मेंढका झोपलाय, जमिनीवर, वाकळ अंथरून. साप त्याला चावला. त्याच्या घरच्यांना काय मिळतं? काही नाही. सातबारा लागतो.

हे ऐकीव सांगत नाही. माझ्या मामाचा धाकटा मुलगा मागच्या ज्येष्ठात असा गेला. वय बावीस. नाव लिहीत नाही, कारण मामी म्हणाली, "त्येचं नाव त्या मोबाइलवर नगं फिरवू." फोटोही टाकत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कृपया टाकू नये.

माझं आजोळ फलटण तालुक्याच्या दुष्काळी टोकाला. मामाचा वाडा दिवाळी झाली की निघतो. वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे, शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. पाच-सात घरांची बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, लहान पोरं हे सगळं मिळून एक वाडा. घोड्यावर संसार लादायचा आणि घाट उतरून कोकणात जायचं. तिथं भात काढून झालेलं असतं, रानं मोकळी असतात. उन्हाळाभर तिकडं काढायचा आणि मिरगाच्या आधी परत वर यायचं, कारण कोकणातला पाऊस आमच्या दख्खनी मेंढीला सोसत नाही, तिचे खूर सडतात. नगर जिल्ह्याकडचे काही वाडे कल्याण-भिवंडीकडं उतरतात, काही मराठवाड्यात जातात. वाटा ठरलेल्या आहेत, पिढ्यांच्या आहेत. फक्त त्या कुठल्या नकाशावर नाहीत.

हा पोरगा वाटेवरच जन्मला. मामी सांगते, दुपारी पोर झालं आणि तिसऱ्या दिवशी वाडा पुढं हलला, पोर घोड्यावरच्या झोळीत. जन्माची नोंद झाली नाही. पुढं शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकली, जशी अर्ध्या महाराष्ट्राची आहे. चौथीपर्यंत आजीजवळ राहून शिकला. आजी वारल्यावर गावात त्याला ठेवायला कुणी नव्हतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता येतं असं म्हणतात. पण ऊसतोडीचा कोयता एका कारखान्यावर चार-पाच महिने थांबतो. वाडा एका रानात दोन रात्री थांबतो, फार तर चार. कार्ड दाखवायचं कुठल्या शाळेत आणि बसायचं किती दिवस? बारा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या हातात काठी आली.

कुणी म्हणेल, बापानं शिकवायला हवं होतं. म्हणा. मी शिकलो, नोकरीला लागलो, ते कशावर? माझ्या बारावीची आणि पुढची फी मामानं दोन वर्षं लोणंदच्या बाजारात नर विकून भरली. ज्या घरातून एखादा शिकून बाहेर पडतो, त्या घरात मेंढरांमागं दुसरं कुणीतरी उभं असतं. आमच्या घरात तो उभा होता. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान.

काम काय असतं ते थोडं सांगतो, कारण "मेंढरं राखतो" म्हटलं की लोकांना वाटतं झाडाखाली बसून पावा वाजवायचा. पहाटे कोकरं सोडून दूध पाजायचं, लंगडं-आजारी कोण ते बघायचं, वाघर गुंडाळायची. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं. दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चालायचं. उभ्या पिकात एक मेंढी शिरली तर शिव्या, दोन शिरल्या तर मार. वनरक्षक भेटला तर दंड, पावती मिळेल किंवा नाही मिळणार. संध्याकाळी ज्याच्या रानात बसवायची ठरलीत तिथं पोचायचं. त्याचे पैसे किंवा धान्य मिळतं, एवढीच रोजची कमाई. लोकरीला आता कुणी विचारत नाही. कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही म्हणून लोकर बांधावर टाकून देतात. मग रात्री लांडगा. म्हणून मेंढका मेंढरांच्या कडेलाच झोपतो, झोपडीत नाही, आणि त्यातही तरणा पोरगा सगळ्यात बाहेरच्या बाजूला.

त्याला मोबाइलचं भारी वेड. आमच्या वाड्यात स्मार्टफोन पहिल्यांदा त्यानं घेतला, एक बोकड विकून. पुढं कुठं चारा आहे, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, हे तो दुसऱ्या वाड्यांतल्या पोरांना विचारायचा आणि लोकेशन मागवायचा. मला आवाजी मेसेज पाठवायचा. "दादा, ह्ये बघ कुटं हाय मी," आणि मागं मेंढरांचा गलका. पावसाचा अंदाज बघून बापाला सांगायचा, बाप ऐकायचा नाही, आणि पाऊस पडायचा. दोन वर्षांपासून लग्नाचं बघत होते. सोयरे माणसं चांगली, पण एकच प्रश्न: पोरगा मेंढरांमागंच राहणार का? आमच्यातल्याच पोरी, मेंढक्यांच्याच घरातल्या, त्याही आता मेंढक्याला नाही म्हणतात. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आईची हयात त्यांनी बघितलेली असते. त्यानं ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत लायसन काढायचं आणि पिकअप चालवायची. म्हणजे बावीसाव्या वर्षीच त्याचं मेंढकेपण संपत आलं होतं. पिकअपवर बसायचं राहिलं.

घाट चढून वाडा वर आला होता. पहिला पाऊस पडून गेला होता. रात्री दोनच्या सुमाराला तो पोट दुखतंय म्हणून उठला. सगळ्यांना वाटलं खाण्यातलं काहीतरी आहे. ओवा दिला. अर्ध्या-पाऊण तासानं म्हणाला, डोळं उघडंना. मग जीभ जड झाली. कुठं चावल्याची खूण नाही, सूज नाही.

मण्यारीचं हेच असतं. नाग चावला तर कळतं, घोणस चावली तर आग होते, सुजतं. मण्यार रात्री अंथरुणात येते, चावलेलं झोपेत समजतही नाही, आणि पोटदुखीनं माणूस जागा होतो. पापण्या मिटायला लागल्या की वेळ फार कमी राहिलेला असतो, कारण पुढचा नंबर श्वासाचा. हे प्रत्येक मेंढक्याला माहीत असायला पाहिजे. कुणी सांगितलंय? महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर त्याच रायगड जिल्ह्यात आयुष्य घातलं, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. ज्या रायगडात आमचे वाडे दर वर्षी उतरतात तिथली ही गोष्ट. तरी आमच्या वाड्यात त्या रात्री ओवा दिला गेला.

१०८ ला फोन लागला. त्यांनी पत्ता विचारला. काय सांगणार? अमुक गावाच्या पुढं, डाव्या अंगाला, विहिरीच्या मागच्या रानात. लोकेशन पाठवा म्हणाले. लोकेशन पाठवता येणारा वाड्यात एकच जण होता आणि त्याचे डोळे मिटत होते. शेवटी दुधाची गाडी मिळाली. दवाखान्यात पोचायला चार वाजले. तिथं सापाची लस होती, ती दिलीही. पण मण्यारीच्या विषानं एकदा नसांचं काम थांबवलं की लस तेवढ्यानं माणूस उठत नाही, त्याचा श्वास चालू ठेवावा लागतो, मशिननं नाहीतर हातानं फुगा दाबून, कधी कधी काही दिवस. मशिन नव्हतं. पुढं घेऊन जा म्हणाले. वाटेत गेला. तिथल्या डॉक्टरचं नाव किंवा दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. रात्री एकटा डॉक्टर आणि एक सिस्टर, एवढ्यावर चाललेले दवाखाने किती आहेत हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. सकाळी वाकळ झटकली तर खाली मण्यार निघाली. हातभर.

देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज संशोधकांनी काढला आहे. म्हणजे वीस वर्षांत बारा लाखांच्या घरात. बहुतेक खेड्यातली, पावसाळ्यातली. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे. त्याच वर्षाच्या शेवटी राज्यांना सांगितलं की सर्पदंशाच्या प्रत्येक केसची सक्तीनं नोंद करा. म्हणजे २०२४ पर्यंत आपण नीट मोजतही नव्हतो.

पोस्टमार्टेम झालं, पोलिसांचा पंचनामा झाला. या सगळ्यात दुपार झाली. तिकडं मेंढरं वाघरीत उपाशी ओरडत होती. शेजारच्या वाड्यातली दोन माणसं आली आणि त्यांनी ती चारायला नेली. तिसऱ्या दिवशी मामा स्वतः काठी घेऊन निघाला. लोकांनी नावं ठेवली. बारा दिवस मेंढरं उपाशी ठेवता येत नाहीत, एवढं लोकांना कळत नाही.

आता कागद. मी नोकरीतला, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. कृषी कार्यालयातला माणूस सभ्य होता, त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, सातबारा आणा. गावाकडं दीड एकर माळ आहे, पण तो आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली, वारसनोंद झालेली नाही. का नाही झाली? तलाठ्याकडं खेटे घालायला घरातलं कुणीतरी गावात राहायला हवं ना. योजनेत सातबारा नावावर असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण धरतात. घरातला म्हणजे आईवडील, नवराबायको, मुलगा, अविवाहित मुलगी. नातू त्यात नाही. आणि आजोबा तर हयातही नाहीत. दीड एकर होती म्हणून मी एवढा तरी भांडू शकलो. ज्यांच्या नावावर आजोबाच्याही आजोबाच्या काळापासून काही नाही, ते दारातूनच परत फिरतात.

कुणी विचारेल, वीस रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा नव्हता का? प्रश्न बरोबर आहे, मीही तोच आधी विचारला. होता. मीच काढून दिला होता, दोन वर्षं चालला. त्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि मे संपता संपता बँक खात्यातून वीस रुपये आपोआप कापते. मे महिन्यात वाडा कोकणातून निघालेला असतो. पैसे सगळे रोख, कमरेला. खात्यात अकरा रुपये होते. विमा बंद झाला, त्याचा मेसेज इंग्रजीत आला. पोरगा ज्येष्ठात गेला.

बिबट्यानं मारलं असतं तर लाखोंची मदत मिळाली असती. वन्यप्राण्यांच्या हल्ल्याची जी यादी आहे त्यात वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, लांडगासुद्धा आहे. साप नाही. वीज पडून गेला असता तर चार लाख, कारण राज्यानं २०१४ मध्ये वीज पडणं आपत्तीत घेतलं. माणूस कशानं मरतो त्यावर त्याची किंमत ठरते, आणि ज्या कारणानं मेंढके सगळ्यात सहज मरू शकतात तिथं सातबारा आडवा येतो.

आणि विजेचंही ऐका. झाडाखाली आडोशाला थांबलेला आख्खा कळप एका विजेत जातो, अशा बातम्या दर वर्षी वळवाच्या दिवसांत येतात. आपत्ती मदतीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ चे निकष काढून बघा. मेंढीला चार हजार रुपये. बाजारात चांगली मेंढी त्याच्या दुप्पट-तिप्पट. बरं, तेही एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस लहान जनावरांचे. दीडशे मेली तरी तीसच. तीन गाई असलेल्या घराचं सगळं गेलं तर सगळं भरून मिळतं, कारण मोठ्या दुभत्या जनावरांची मर्यादा तीन आहे. हा नियम करताना डोळ्यांपुढं गोठा होता. कळप नव्हता.

आता राजकारणाकडं येतो, कारण खालती लोक ते आणणारच.

गेली दहा-बारा वर्षं धनगर म्हटलं की एकच विषय. २०१४ ला बारामतीचं उपोषण झालं, पहिल्याच कॅबिनेटमध्ये आरक्षण देऊ असं आश्वासन मिळालं. "धनगड" आणि "धनगर" यातल्या ड आणि र वर वकिलांच्या किती फिया झाल्या ते देव जाणे. २०२४ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, चौंडीला अख्खी मंत्रिमंडळाची बैठक झाली. मी आरक्षणाच्या विरोधात नाही, भटक्या जमातीच्या साडेतीन टक्क्यांतच मी स्वतः नोकरीला लागलोय, आणि चौंडीला बैठक झाली तेव्हा मला बरंच वाटलं. पण आमचे जे नेते पिवळा फेटा बांधून स्टेजवर चढतात, त्यातला एक जण मला असा दाखवा ज्यानं विधानसभेत उठून विचारलं की मुंडे योजनेत मेंढपाळ का नाही. एका ओळीचा बदल आहे. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, संसद लागत नाही, कोर्ट लागत नाही. कृषी खात्याचा एक शासन निर्णय लागतो.

आरक्षण मिळालं तरी ते चौथी शिकलेल्या पोराच्या कामाला कधी येणार होतं? त्याच्या मुलाच्या आलं असतं कदाचित. त्यासाठी मूल व्हावं लागतं, त्यासाठी लग्न, आणि त्यासाठी बावीसच्या पुढं जगावं लागतं.

महामेष योजना आहे. यशवंतराव होळकरांच्या नावानं २०१७ ला आली, २० मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. ज्यांना मिळालं त्यांना फायदा झाला, नाकारत नाही. पण सरकारची सगळी बुद्धी मेंढ्या वाढवण्याकडं आहे. मेंढ्या वाढवल्यावर चारणार कुठं? गायरानावर अतिक्रमण, माळावर सोलर, वनखात्याच्या रानात लागवड म्हणून चराईबंदी. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्वच्छ शब्दांत लिहिलेला आहे. पण आदिवासी नसलेल्यानं ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करायची. आम्ही दर वर्षी सहा तालुक्यांतून जातो, सहाही ठिकाणी आम्ही उपरे. कुठल्या ग्रामसभेत जाऊन सांगायचं की आमचा पणजा इथून गेला होता? घोड्याच्या टापांचे पुरावे राहत नाहीत.

२०२५ च्या जुलैमध्ये राज्य मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. पेपरात मोठ्या बातम्या आल्या. मी आशेनं वाचलं. वीज कृषी दरानं, सोलरला सवलत, ग्रामपंचायतीचा कर शेतीसारखा, कर्जाच्या व्याजात सूट. ज्याच्याकडं मीटर आहे, शेड आहे, त्याच्यासाठी चांगलंच आहे. मामाच्या वाड्यात विजेची वस्तू एकच, मोबाइल, आणि तो हॉटेलात चहा पिऊन चार्ज करतात. पण त्या निर्णयाचा एक उपयोग मला दिसतो. पशुपालन जर शेतीच्या बरोबरीचं असेल, तर पशुपालक शेतकऱ्याच्या बरोबरीचा का नाही? किसान क्रेडिट कार्डसाठी बँका पशुपालकाला कधीच शेतकरी धरायला लागल्या आहेत. कर्ज घेताना शेतकरी आणि मरताना भूमिहीन, असं कसं?

कागदाची अडचण सांगतात. सातबारा नाही तर ओळखायचं कसं, उद्या कुणीही येईल आणि मी मेंढका म्हणेल. ही शंका मी खोटी मानत नाही, योजनांत बोगस माणसं घुसतात. पण जनावराच्या कानातल्या १२ आकडी बिल्ल्यानं ते जनावर कुठल्याही जिल्ह्यात ओळखता येतं. मग बिल्ल्याच्या नोंदीत मालकाचं नाव असतं ते वापरा. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाची नोंद असते ती वापरा. आपल्या देशात जनावरांची गणना १९१९ पासून होते. २०१९ च्या गणनेत राज्यात २७ लाखांच्या आसपास मेंढ्या निघाल्या. त्या मेंढ्यांमागं चालणारी भटकी माणसं किती, हे त्याच गणनेत वेगळं विचारायला सुरुवात झाली २०२४ ला, एकविसाव्या गणनेत. शंभर वर्षं मेंढी मोजली, राखणारा मोजला नाही. आता मोजलाय म्हणता ना, मग ती यादी काढा आणि कृषी खात्याला द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. भाषणं होतीलच. त्यात हा शासन निर्णय काढून टाका.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, आणि तिला सरकारची वाट बघायची गरज नाही. "खाटेवर का झोपत नाहीत?" असं मला ऑफिसात एकानं विचारलं. घोड्यावर आधीच पीठ, भांडी, कोकरं, लहान पोर. खाट कशावर टाकायची? पण मच्छरदाणी जाते. अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला अडवते, असं मला डॉक्टरांनी सांगितलं. वजन अर्धा किलोसुद्धा नाही. गेल्या तीन महिन्यांत आम्ही काही नोकरदार पोरांनी मिळून चार वाड्यांत दिल्या. आधी म्हातारे हसले, मच्छरदाणीत झोपल्यावर लांडगा आलेला कसा कळणार? मग कुत्री कशाला पाळलीत, असं मामी म्हणाली आणि विषय संपला. प्रत्येक वाड्यात दोन पोरींना लोकेशन पाठवायला शिकवलं. पोरींना मुद्दाम, कारण रात्री त्या आतल्या बाजूला झोपतात. पोटात दुखतंय आणि पापण्या जड होतायत, तर ओवा नाही, मांत्रिक नाही, गाडी, हे पाठ करून घेतलं.

शेतकरी मित्रांना एक विनंती. ज्यांच्या रानात मेंढरं बसतात, त्यांनी त्या रात्रीपुरता आपला आणि जवळच्या गाडीवाल्याचा फोन नंबर मेंढक्याला देऊन ठेवावा, आणि आपल्या रानाचं लोकेशनही. गावाच्या पाटीवर रानाचा पत्ता नसतो, तो फक्त तुम्हाला माहीत असतो.

मामानं निम्मी मेंढरं लोणंदला विकली. उरलेली मोठा मुलगा बघतो, तो चौतीस वर्षांचा आहे आणि गुडघे गेलेत. यंदा दिवाळीनंतर वाडा निघणार की नाही ते ठरलेलं नाही. वारसनोंदीचा अर्ज मी दिलाय, तलाठी म्हणाले महिनाभरात होईल. झाली तरी मागच्या मृत्यूला ती लागू होत नाही.

कृषी आयुक्त आणि पशुसंवर्धन आयुक्त, दोघांच्या नावानं निवेदन तयार केलंय. त्याला नुसत्या सह्या नकोत, प्रकरणं हवीत. तुमच्या माहितीत गेल्या पाच वर्षांत मेंढरांमागं असताना साप, वीज, गाडी किंवा विहिरीनं गेलेलं कुणी असेल आणि सातबारा नाही म्हणून अर्ज घेतलाच नसेल किंवा फेटाळला असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. तालुका, महिना, वय आणि अर्ज दिला होता का, एवढं पुरे. पोस्टमार्टेमचा कागद असेल तर त्याचा फोटो. नावं बाहेर जाणार नाहीत. आरक्षणावर भांडायचं असेल तर त्यासाठी दुसऱ्या पोस्टी आहेत, इथं नको.